दयेचा परिच्छेद पुरे, आता वजनाचा तक्ता मांडा

प्रति,
मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर व गोवा येथील विधी सेवा समित्या, सर्व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे आणि त्यांच्या पॅनेलवरची वकील मंडळी यांस

सप्रेम नमस्कार.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालच्या शिक्षेविरुद्धची अपिले काढून पाहा. शेवटचा मुद्दा बहुतेक वेळा सारखाच असतो: ‘शिक्षा अतिशय कठोर असून अपीलकर्ता गरीब आहे, घरातला एकमेव कमावता आहे, त्याला लहान मुले आहेत, सबब दया व्हावी.’ हा परिच्छेद एका मेमोतून, म्हणजे अपिलाच्या अर्जातून, दुसऱ्या मेमोत जसाच्या तसा उतरतो. कधी कधी तर अपीलकर्ती बाई असते आणि मजकुरात ‘त्याला पत्नी व दोन अपत्ये’ तसेच राहून जाते.

हा परिच्छेद चालत नाही, आणि का चालत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ६ एप्रिल २०२१ रोजी गुरदेवसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात लिहून ठेवले आहे. एक किलो हेरॉइन, १५ वर्षे सक्तमजुरी. आरोपी गरीब आहे, केवळ माल वाहून नेणारा आहे, एकटा कमावता आहे, हे सगळे सांगून झाले. न्यायालय म्हणाले, अशा खटल्यात एवढ्यावर शिक्षा कमी होत नाही. १५ वर्षे कायम राहिली. त्यानंतरही आपण तोच परिच्छेद लिहीत राहावे, याला सवय म्हणायचे की आळस, ते ज्याचे त्याने ठरवावे.

या कायद्यात शिक्षा ठरते वजनावर. म्हणून शिक्षा जास्त झाली असे म्हणायचे असेल तर आधी वजनाचे कागद उघडावे लागतात. हे पत्र त्यासाठी आहे.

शिक्षेच्या मुद्द्याला इथे इतर गुन्ह्यांपेक्षा जास्त वजन का, ते आधी सांगतो. कलम ३२-ए मुळे एनडीपीएसच्या कैद्याला शिक्षेत सूट मिळत नाही. त्याला अपवाद एकच, कलम २७ खालचे सेवन. बाजूच्या बराकीतल्या खुनाच्या कैद्याला चांगल्या वर्तणुकीची, कामाची सूट मिळते; याची दहा वर्षे म्हणजे दहा वर्षे. दादू ऊर्फ तुलसीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००० सालच्या निकालाने त्या कलमाचा एक भाग घटनाबाह्य ठरवला, पण तो अपील न्यायालयाच्या शिक्षा स्थगित करण्याच्या अधिकारापुरता. सुटीची दारे बंदच आहेत. अपिलात एक वर्ष कमी झाले तर ते खरोखरचे एक वर्ष असते.

आता मोजमाप. २००१ च्या दुरुस्तीपासून तीन पायऱ्या आहेत: अल्प मात्रा, व्यावसायिक मात्रा आणि या दोहोंच्या मधली. हेरॉइन, म्हणजे आपल्याकडच्या खटल्यांत बहुतेकदा ब्राऊन शुगर, ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. चरस १०० ग्रॅम आणि १ किलो. गांजा १ किलो आणि २० किलो. कोकेन २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. मेफेड्रोन, म्हणजे एमडी, २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. एमडीएमए अर्धा ग्रॅम आणि १० ग्रॅम. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, आणि इथे किमान शिक्षा नाही. व्यावसायिक मात्रेला किमान दहा, कमाल वीस वर्षे आणि दंड एक ते दोन लाख. गुन्हा १ मे २०१४ च्या आधीचा असेल तर अल्प मात्रेची कमाल कैद सहा महिनेच होती. जुन्या अपिलांत हे तपासायचे राहून जाते. तसेच मेफेड्रोन कायद्याच्या यादीत आले फेब्रुवारी २०१५ मध्ये, त्यामुळे एमडीच्या जुन्या खटल्यात गुन्ह्याची तारीख पहिल्यांदा बघावी.

व्याख्येतला एक शब्द मात्र पाठच हवा. व्यावसायिक मात्रा म्हणजे ठरवलेल्या आकड्यापेक्षा ‘जास्त’. बरोबर २० किलो गांजा व्यावसायिक मात्रा नव्हे. बरोबर २५० ग्रॅम हेरॉइनही नव्हे. खालच्या टोकाला याच शब्दाची दुसरी बाजू लागते: अल्प मात्रा म्हणजे आकड्यापेक्षा ‘कमी’, म्हणून बरोबर ५ ग्रॅम हेरॉइन अल्प नाही, मधल्या पायरीत जाते. पंचनाम्यात ‘अंदाजे २० किलो’ लिहिले असेल तर त्या ‘अंदाजे’ शब्दावर दहा वर्षांची किमान शिक्षा उभी आहे, हे न्यायालयाला दाखवून द्यावे लागते. आणि काटा कुठला होता? पुष्कळ पंचनाम्यांत तो शेजारच्या किराणा दुकानातून आणलेला असतो. ज्या काट्याचा सर्वांत लहान भाग पाच किंवा दहा ग्रॅमचा, तो २५२ ग्रॅम दाखवतो म्हणजे नक्की काय दाखवतो? काटेवाल्याची साक्ष, काट्याचे पडताळणी प्रमाणपत्र आणि काटा परत केल्याची नोंद, हे तिन्ही उलटतपासात आले होते का ते पाहा. नसेल आले तर अपिलात ते नव्याने उभे करता येत नाही. पण वजन सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षाचाच आहे, हे म्हणता येते.

वजन तीन कागदांवर असते: जप्तीचा पंचनामा, दंडाधिकाऱ्यांसमोर झालेली जप्त मालाची कलम ५२-ए ची यादी आणि रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, ज्याला कोर्टात सगळे सीए रिपोर्ट म्हणतात. एका कोऱ्या पानावर तीन रकाने आखा आणि तिन्हीतले आकडे शेजारी शेजारी लिहा. समजा पंचनाम्यात आहे: ‘३६ प्लास्टिकच्या पुड्या, एकूण वजन २६२ ग्रॅम.’ पुड्यांसकट की पुड्यांविना, ते लिहिलेले नाही. यादीत तोच आकडा पुन्हा उतरवला आहे. सीए रिपोर्टात मात्र नमुन्यासाठी आलेल्या एका पुडीचे वजन वेष्टनासकट ७.३ ग्रॅम आणि वेष्टनाविना ६.५ ग्रॅम असे दोन आकडे आहेत. म्हणजे एक रिकामी पुडी ०.८ ग्रॅमची. ३६ पुड्यांचे झाले २८.८ ग्रॅम. २६२ मधून ते वजा केले की उरतात सुमारे २३३ ग्रॅम, आणि २३३ ग्रॅम ही मधली मात्रा आहे. कलम २१(सी), म्हणजे व्यावसायिक मात्रा, याचे २१(बी), म्हणजे मधली मात्रा, होते आणि दहा वर्षांची किमान शिक्षा निघून जाते. ही वजाबाकी करायला पाच मिनिटे पुरतात. ती करायची तर सीए रिपोर्ट हातात हवा, आणि जेलमधून येणाऱ्या कागदांत नेमका तोच नसतो.

नमुना कसा काढला हेही वजनाशीच जोडलेले आहे. २२ पुडके होती, सगळ्यांतला माल एका ताडपत्रीवर ओतून मिसळला आणि त्यातून २४ ग्रॅमचे दोन नमुने काढले, तर लॅबचा अहवाल त्या ढिगाविषयी बोलतो. प्रत्येक पुडक्यात गांजाच होता हे त्यावरून कळत नाही. दोन पुडक्यांत नुसता पाला असेल तर? कलम ५२-ए पाळले नाही एवढ्यानेच खटला कोसळतो, असे आता म्हणता येणार नाही. जानेवारी २०२५ च्या भारत आंबले निकालानंतर त्या चुकीने पुराव्यावर नेमका काय परिणाम झाला ते दाखवावे लागते. मुद्दा निर्दोषत्वासाठी मांडता तेव्हाच पर्यायी म्हणून मात्रेसाठीही मांडा: पूर्ण वजन सिद्ध झालेले नाही, म्हणून व्यावसायिक मात्रा सिद्ध झालेली नाही.

गांजाच्या खटल्यांसाठी इथे थोडे थांबतो, कारण महाराष्ट्रात शिक्षेची सर्वांत ढोबळ चूक याच खटल्यांत होते. कायद्यात गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. बिया आणि पाने शेंड्यांसोबत नसतील तर ती गांजा नव्हेत. देठ आणि मुळे तर व्याख्येत कुठेच नाहीत. प्रत्यक्षात काय होते? धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर पट्ट्यात असो की मराठवाड्यात, कपाशी-तुरीच्या ओळीत लावलेली झाडे उपटली जातात, मुळाच्या मातीसकट गोण्यांत भरली जातात आणि ओलीच तोलली जातात. पंचनाम्यात लिहिले जाते: ‘हिरवी ओलसर पाने, फुले, बोंडे, काड्या असलेला गांजा, वजन ३४ किलो.’ खटला उभा राहतो व्यावसायिक मात्रेचा. शेंडे वेगळे करून तोललेलेच नसतात.

अशा अपिलात दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. पहिला: शेंड्यांचे वजन २० किलोपेक्षा जास्त होते याचा पुरावा कुठे आहे? दुसरा: कलमच चुकले नाही ना? शेतात उभ्या असलेल्या झाडांना लागवडीचे कलम २०(ए) लागते. त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आहे, पण किमान शिक्षा नाही आणि मात्रेच्या पायऱ्याही नाहीत. उभे पीक उपटून, तोलून, त्याला ‘ताब्यातला गांजा’ ठरवून २०(बी) खाली किमान दहा वर्षे दिली असतील, तर ते कलम बदलून मागावे. सात-बारावर जमीन सामाईक असेल, तर लागवड नेमकी कोणाची हा प्रश्न त्याहीआधीचा.

काही मुद्दे मात्र आता सोडून द्यावेत. ‘ब्राऊन शुगरमध्ये शुद्ध हेरॉइन फक्त चार टक्के होते, म्हणून तेवढेच धरा’ हा युक्तिवाद २००८ च्या ई. मायकेल राज निकालावर उभा होता. हीरा सिंग विरुद्ध भारत सरकार या २२ एप्रिल २०२० च्या तीन न्यायमूर्तींच्या निकालाने तो संपवला. मिश्रणाचे पूर्ण वजन धरायचे, भेसळीसकट. पायरी बदलण्यासाठी शुद्धतेचा आता उपयोग नाही. पायरीच्या आत, म्हणजे दहाची चौदा वर्षे का केली किंवा मधल्या मात्रेला आठ वर्षे का दिली, एवढ्यापुरते शुद्धतेचे प्रमाण सांगता येते, असे आमचे मत आहे. शुद्धता सांगताना आपण हीरा सिंग वाचला आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. नाहीतर सरकारी वकील सांगतील आणि पुढचे कोणी ऐकणार नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक कोर्टात उभ्या उभ्या होते. अपील पुकारले जाते, वेळ कमी असतो, आणि वकील म्हणतात: ‘माय लॉर्ड, दोषसिद्धीवर बोलत नाही, फक्त शिक्षेवर.’ भारतीय दंड संहितेच्या खटल्यांत ही युक्ती बऱ्याचदा उपयोगी पडते. भोगलेली शिक्षा पुरेशी धरून माणूस सुटतो. एनडीपीएसच्या व्यावसायिक मात्रेत ती आत्मघातकी आहे. मात्रा कुठली, हा दोषसिद्धीचा भाग आहे. दोषसिद्धी मान्य केली की २१(सी) मान्य केले, आणि २१(सी) मान्य केले की दहा वर्षांच्या खाली यायला न्यायालयाला जागाच उरत नाही. सात वर्षे भोगलेल्याला ‘भोगलेली पुरे’ असे उच्च न्यायालय म्हणू शकत नाही. त्याऐवजी म्हणायचे असे: ‘ताबा या मुद्द्यावर मी जोर देत नाही. व्यावसायिक मात्रा सिद्ध झाल्याचा निष्कर्ष मला मान्य नाही. दोषसिद्धी २१(सी) ऐवजी २१(बी) खाली बदलून मग शिक्षेचा विचार व्हावा.’ रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) आणि निकालात हीच वाक्ये उतरली पाहिजेत, म्हणून ती लेखी द्या.

एकत्र पकडलेल्यांचे वजन एकत्र मोजणे ही याच जातीची गोष्ट. तिघे एसटीतून उतरले, तिघांच्या बॅगांत प्रत्येकी नऊ किलो गांजा, बेरीज सत्तावीस. बेरीज करायची तर कट सिद्ध व्हायला हवा, म्हणजे कलम २९. तिकिटे एकत्र काढली होती का, फोनवर बोलणे होते का, पैसे कोणी दिले? ‘तिघे एकत्र उतरले’ एवढ्यावर कट उभा राहत नाही. कट पडला की प्रत्येकाचे नऊ किलो, मधली मात्रा. आरोपींची तपास अधिकाऱ्यांसमोर दिलेली, परस्परांविरुद्धची कलम ६७ खालची निवेदनेच कटाचा आधार असतील, तर ऑक्टोबर २०२० च्या तोफान सिंग निकालानंतर ती कबुलीजबाब म्हणून वापरता येत नाहीत. तसेच कलम २७-ए, अवैध व्यापाराला पैसा पुरवणे, याची किमान शिक्षाही दहा वर्षे आहे. कोणासाठी एखाद वेळी माल विकत घ्यायला पैसे दिले म्हणजे व्यापाराला वित्तपुरवठा झाला असे नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० च्या एका गाजलेल्या जामीन आदेशात म्हटले आहे.

दहाच्या वर शिक्षा दिलेली असेल तिथे कलम ३२-बी. सत्र न्यायालयाने किमानपेक्षा जास्त शिक्षा द्यायची तर त्यात सहा गोष्टी दिल्या आहेत: शस्त्र किंवा हिंसा, सार्वजनिक पदाचा गैरफायदा, अल्पवयीनांचा वापर, शाळा-कॉलेज किंवा तत्सम जागेच्या आवारात वा लगत गुन्हा, संघटित टोळीशी संबंध आणि या गुन्ह्याच्या आधाराने चालणारे इतर बेकायदा धंदे. यातले काहीच नाही, म्हणून दहाच द्या, असा सरळ युक्तिवाद आता अपुरा आहे. रफीक कुरेशी निकालात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ही यादी पूर्ण नाही. मालाचे प्रमाण हेही न्यायालय पाहू शकते. पण त्याच खटल्यात १६ वर्षांची १२ झाली, हे विसरू नका. जप्त माल आठ किलोंच्या वर होता, प्रत्यक्ष हेरॉइन सुमारे ६०९ ग्रॅम. शहजादखान पठाण विरुद्ध गुजरात राज्य (२०१२) मध्ये पहिलाच गुन्हा असल्याचे पाहून १५ ची १० वर्षे झाली. म्हणून मांडणी अशी हवी: खालच्या न्यायालयाने दहाच्या वर जाण्याचे कोणते कारण लिहिले आहे? ‘समाजाला कीड लागली आहे, तरुण पिढी बरबाद होत आहे’ हे कारण प्रत्येक खटल्याला लागू पडते, म्हणून या आरोपीला दोन वर्षे जास्त का, याचे उत्तर त्यात नाही. किमान मर्यादेच्या किती पट माल होता, आधीचा गुन्हा होता का, त्याची भूमिका काय होती, एवढे तीन आकडे-तपशील द्या. गुरदेवसिंगमध्ये चौपट मालाला पंधरा वर्षे टिकली. तुमच्या अशिलाकडे सव्वापट माल असेल आणि त्यालाही पंधरा दिली असतील, तर तो निकाल तुमच्याच बाजूचा आहे.

मधल्या मात्रेबद्दल थोडक्यात. किमान शिक्षा नसताना तीन किलो गांजाला सात वर्षे दिली असतील, तर एक ते वीस किलोंच्या पट्टीवर तीन किलो कुठे येतात तेवढे दाखवा. त्याचे गणिती सूत्र कायद्यात नाही आणि असल्यासारखे बोलूही नका. अल्प मात्रा आणि व्यसनी आरोपी असेल तर कलम ३९ खाली उपचारासाठी सोडण्याची तरतूद आहे.

आता असा भाग, जो किमान शिक्षेच्या खटल्यातही न्यायालयाच्या हातात उरतो आणि ज्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. दंड न भरल्यास भोगायची जादा कैद. दंड एक लाखाच्या खाली आणता येत नाही, कैद दहाच्या खाली आणता येत नाही. पण दंड न भरल्यास किती कैद, याला किमान मर्यादा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८ प्रमाणे (आधीच्या दंड संहितेत ६५) गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशापर्यंत ती देता येते. म्हणून निकालात ‘दंड न भरल्यास एक वर्ष’, ‘दोन वर्षे’, क्वचित ‘तीन वर्षे’ असे सहज लिहिले जाते. शांतिलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२००७) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची जादा कैद सहा महिन्यांवर आणली आणि सांगितले की ही शिक्षा नव्हे, दंड न भरल्याचा परिणाम आहे. माणसाची ऐपत बघूनच ती ठरवावी. पठाण निकालातही तीन वर्षांचे सहा महिनेच झाले. गरिबी सांगायची खरी जागा ही आहे.

याचे गणित निकालाच्या शेवटच्या पानावर करून बघा. कलम २१(सी) खाली दहा वर्षे आणि एक लाख, न भरल्यास एक वर्ष. कलम २९ खाली पुन्हा दहा वर्षे आणि एक लाख, न भरल्यास एक वर्ष. ‘सर्व शिक्षा एकत्र भोगायच्या’ असा आदेश. कैद्याला वाटते दहा वर्षे. तो भोगतो बारा, कारण जादा कैदा एकत्र चालत नाहीत. शरद कोळंबे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०१८) मध्ये हे स्पष्ट झाले आहे. थोडा दंड भरला तर त्या प्रमाणात जादा कैद कमी होते, हेही त्याला कोणी सांगत नाही. गरीब कैद्यांचा दंड भरण्यासाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे. पण तिच्या २०२३ च्या नियमांत एनडीपीएसच्या आरोपींना वगळले होते. त्यामुळे अपिलात ‘जादा कैद प्रत्येकी तीन महिने करावी’ ही प्रार्थना वेगळी, क्रमांक देऊन लिहा. बाकी सगळे फेटाळले गेले तरी ही मान्य होऊ शकते.

शिक्षेच्या हिशोबात आणखी तीन ठिकाणी बोट ठेवून पाहावे. दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला कलम ३१ ने दीडपट शिक्षा होते, म्हणजे व्यावसायिक मात्रेत किमान पंधरा वर्षे. पण आधीची दोषसिद्धी दोषारोपात लिहिलेली आणि सिद्ध केलेली हवी, आणि नवा गुन्हा तेवढ्याच शिक्षेचा हवा. आधी सेवनाच्या कलम २७ खाली दंड झाला होता, म्हणून आता दीडपट, असे होत नाही. दुसरे, कच्च्या कैदेचा सेट-ऑफ, म्हणजे निकालाआधी कोठडीत गेलेले दिवस शिक्षेतून वजा होणे. दोन खटल्यांत एकाच वेळी कच्चा कैदी असलेल्याला तो दोन्हीकडे मिळू शकतो (महाराष्ट्र राज्य विरुद्ध नजाकत अली, २००१). जेलच्या हिशोबात दुसऱ्या खटल्यातली अटकेची तारीख बऱ्याचदा उशिराची धरलेली असते. तिसरे, वय. माल वाहायला पोरे वापरली जातात. गुन्ह्याच्या दिवशी वय अठराच्या खाली होते असा शाळेचा दाखला मिळाला, तर बालन्याय कायद्याचे कलम ९ तो मुद्दा कुठल्याही टप्प्यावर, निकाल अंतिम झाल्यावरसुद्धा, घेऊ देते.

कार्यपद्धतीत अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. उच्च न्यायालयातल्या अपिलाची मुदत ६० दिवस. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वगळतात. निकालाची एक प्रत आरोपीला विनामूल्य मिळते. तिच्यावरची तारीख जपून ठेवा. मुदत गेली तर विलंबमाफीच्या अर्जात ‘कैदेत असल्याने’ एवढेच न लिहिता जेलच्या नोंदवहीतल्या तारखा द्या: अर्ज कधी दिला, कधी पाठवला, कधी परत आला. जेलमधून अधीक्षकांमार्फत दिलेले अपील दोन ओळींचे असते; पॅनेलवर आल्यावर पहिले काम म्हणजे सविस्तर मुद्द्यांचा जादा मेमो. १ जुलै २०२४ नंतर दाखल केलेल्या अपिलात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४१५ आणि आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ३७४ दोन्ही लिहा. कार्यालयीन हरकतीत महिना जात नाही.

गुन्हा कबूल करून शिक्षा घेतलेल्यांना ‘तुला अपील नाही’ असे सांगून परत पाठवले जाते. अर्धे खरे आहे. दोषसिद्धीविरुद्ध अपील नाही, पण शिक्षेचे प्रमाण आणि तिची कायदेशीरता यांविरुद्ध आहे (नवे कलम ४१६). ‘अपील केले तर शिक्षा वाढेल’ ही बराकीतली भीतीही अर्धवट माहितीची. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही. वाढ मागायची तर सरकारला वेगळे अपील करावे लागते किंवा न्यायालयाला नोटीस देऊन ऐकून घ्यावे लागते. ‘वाढणारच नाही’ असे वचन कैद्याला देऊ नका. हा फरक समजावून सांगा.

शिक्षा स्थगितीच्या अर्जात कलम ३७ च्या जामिनाच्या कडक अटी फक्त व्यावसायिक मात्रेला आणि कलम १९, २४, २७-ए यांना लागतात. मधल्या मात्रेतल्या चार-पाच वर्षांच्या शिक्षेत त्या नाहीत, तरी सवयीने ‘कलम ३७ प्रमाणे’ म्हणून अर्ज लिहिले जातात आणि आपल्याच हाताने अशील अवघड कलमाखाली नेला जातो. अपील सुनावणीला येईपर्यंत शिक्षा संपणार असेल तर त्या अर्जात सुटकेची अपेक्षित तारीख ठळक लिहा.

समित्यांकडे आमचे मागणे मोठे नाही. एनडीपीएस अपील पॅनेलच्या वकिलाकडे देताना निकालासोबत पंचनामा, ५२-ए ची यादी, सीए रिपोर्ट, दोषारोप आणि शिक्षेवरच्या सुनावणीच्या दिवसाचा रोजनामा, ही पाच कागदपत्रे स्कॅन करून द्यावीत. संपूर्ण रेकॉर्ड येईपर्यंत थांबायची गरज नाही. कोठडीतल्या माणसाकडे उत्पन्नाचा दाखला मागू नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे तो कोठडीत आहे एवढे पुरते. सत्र न्यायालयात दोषसिद्धीनंतर शिक्षेवर ऐकताना, त्याच दुपारी चार वाजता ‘आरोपीने दया मागितली’ असे लिहून न संपवता, विधी सेवा वकिलाने एक दिवस मागून घ्यावा आणि जादा कैदेविषयी व सेट-ऑफविषयी लेखी निवेदन द्यावे. अपिलात जे सापडत नाही ते बहुतेक त्या दुपारी लिहायचे राहिलेले असते.

आणि प्रत्येक शिक्षाबंदी कैद्याला त्याच्या भाषेत एक पान मिळावे. अटकेची तारीख, सेट-ऑफचे दिवस, मूळ कैद, दंड भरल्यास सुटकेची तारीख, न भरल्यास सुटकेची तारीख, अपील क्रमांक, वकिलाचे नाव. मराठी, हिंदी आणि जिथे लागेल तिथे इंग्रजी. नायजेरियन कैद्याला मराठी हिशोब देऊन उपयोग नाही, आणि शिरपूरच्या पावरा शेतकऱ्याला इंग्रजी निकाल देऊनही नाही.

वजनाच्या तीन रकान्यांचा आणि शिक्षेच्या हिशोबाचा कोरा नमुना या पत्राबरोबर प्रत्येक समितीला पाठवत आहोत. तो मेमोच्या मुद्द्यांनंतर पहिले परिशिष्ट म्हणून लावावा.

आपले,
अमली पदार्थांच्या अपिलांचे काम करणारे काही वकील, भाषांतरकार आणि विधी स्वयंसेवक